मुसळाचे उलटे फेरे

साखरा तांडा, ता. सेनगाव
होळीनंतरचा सोमवार, २००७

ती. भीमसिंग दादास,

धाकट्या संगिताचा शिरसाष्टांग नमस्कार. एक तुला, एक याडीला, आणि एक आगाऊ ठेवून दे. पुढे तुला बरंच ऐकवायचं आहे. लहान बहिणीनं मोठ्या भावाला असं बोलू नये असं जिथे वाटेल तिथे तो तिसरा नमस्कार काढून घे आणि पुढे वाच.

इकडे सगळे सुखरूप. तूर निघाली, हरभरा बरा झाला, शेळीला दोन करडं झाली. मामांची (माझ्या सासऱ्यांची, म्हणजे तांड्याचे नाईक हिरासिंग यांची) तब्येत ठणठणीत असून आवाज त्याहून ठणठणीत आहे. आत्याबाई, म्हणजे सासूबाई सोजराबाई, गुडघ्यांना नावं ठेवत ठेवत दिवसभर चालतातच. याडीचा दमा कसा आहे? भोसरीची हवा तिला मानवली का? आपली आई तुझ्याकडे राहायला आल्यापासून माझं माहेरच भोसरीला गेलं, आणि ते मी अजून पाहिलेलं नाही. इथे कुणी पुण्याहून आलं की मी विचारते, भोसरी कशी आहे हो, तर सगळे एकच सांगतात, लांब आहे.

फोन का नाही केला म्हणशील. इथे मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर येते, आणि तिथे बोललेलं आधी तांड्याला ऐकू जातं, मग तुला.

तर विषय तुझ्या मोटरीचा. दिवाळीला तू एसटीच्या ड्रायव्हरजवळ गोणपाटात गुंडाळून जी मोटर पाठवलीस, तिनं आमच्या घराची काय अवस्था केली ते तुला कळायलाच हवं. तुला वाटलं असेल, दाजींना भंगारबाजारातली एक वस्तू पाठवली, खूश होतील. खूश झाले रे. इतके खूश तर आमच्या लग्नातही नव्हते.

तुझे दाजी (मी नाव घेत नाही, पण पत्र दुसऱ्याच्या हातात पडलं तर घोटाळा नको म्हणून लिहिते, देविदास) दिवसभर सेनगावच्या दुकानात शेतकऱ्यांच्या पंपाच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरतात, हे तुला ठाऊक आहे. दिवसभर मोटरी भरणाऱ्या माणसानं घरी येऊन देवाचं नाव घ्यावं. ह्यांनी घरी येऊन आणखी मोटरी जोडल्या. बंद पडलेल्या संगणक वर्गातला कॉम्प्युटर, जुन्या प्रिंटरमधल्या तीन मोटरी, प्लायवूड आणि आटे पाडलेले गज, एवढ्यात ते सीएनसी यंत्र उभं राहिलं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, आणि यंत्राचा दात ते लाकडावर कोरतो. डावी-उजवीकडे जातो, पुढे-मागे जातो, वर-खाली होतो. तीन दिशा झाल्या. माणसाला तीन दिशा पुरतात. एवढा आपला गोरमाटी बंजारा समाज बैलांवर धान्य लादून मुलखभर हिंडला, त्यालासुद्धा चौथी लागली नाही.

पण तीन दिशांत फक्त सपाट फळ्या होतात. ह्यांनी 'शुभ लाभ'च्या पाट्या केल्या, मामांच्या नावाची पाटी केली (वेलबुट्टीसकट), मग शेजारच्या सगळ्यांच्या नावाच्या पाट्या केल्या. तांड्यात सगळे एकमेकांना जन्मापासून ओळखतात, तरी आता घराघरावर नाव आहे. शेवटी पाट्या लावायला दारं उरली नाहीत, तेव्हा मामा यंत्राच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. (मामा बोलतात गोरमाटी आणि मराठी मिसळून. मी मराठी तेवढं लिहिते, आणि शिव्या गाळते.)

"या खोलीत सोयाबीनचे पोते राहायचे. आता काय राहून राहिलंय? वायर! दिपाच्या लग्नापोतर या मशीननं घराच्या कामाचं काही करून दाखवलं तर बरं. न्हाई तर भंगारवाला हाय आन् मी हाय."

दिपा म्हणजे माझी नणंद. तिचं लग्न ठरलंय सिद्धेश्वर धरणाकडच्या तांड्यात, हरिचंद नावाच्या मुलाशी. मुलगा वायरमन आहे. खांबावर चढतो, पण जमिनीवर अगदी साधा. लग्न अक्षय्य तृतीयेला.

मामांनी असा दम दिला, आणि नेमकी त्याच आठवड्यात तुझी मोटर आली.

मग ह्यांच्या डोक्यात चौथा अक्ष शिरला. म्हणजे काय, तर दातानं फिरण्याऐवजी लाकूडच फिरवायचं. कणीस भाजताना आपण चूल फिरवत नाही, कणीस फिरवतो, तसं. लाकूड फिरलं की गोल वस्तूवर सगळीकडून कोरता येतं. आणि लग्नघरात गोल वस्तू कोणती? पुण्यात राहून विसरला असशील म्हणून सांगते, आपल्या मांडवात दोन मुसळं रोवतात, आणि नवरा-नवरी त्यांच्याभोवती सात फेरे घेतात. तर बाभळीची नवी जोडी करायची, आणि तिच्यावर खालून वर वेल चढवायची. वेल कुठली, तर माझ्या ओढणीवरच्या भरतकामातली, चौकोनी पानांची, मधे आरशाच्या जागी खळगा. मामांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले की मुसळ कांडायला असतं, आणि निघून गेले. 'नाही' म्हणाले नाहीत, म्हणजे 'हो' झालं.

चौथा अक्ष असा केला. सायकलचं पुढचं दातेरी चाक लाकडाला बसवलं, तुझ्या मोटरीला मागचं बारकं चाक, आणि मध्ये चेन. (सायकल माझी होती. ती आता भिंतीला टेकून आपले उरलेले अवयव मोजत असते.) पहिली परीक्षा लाकडावर नको म्हणून मी स्वयंपाकघरातून दुधी भोपळा दिला. इथे ह्यांची एक चूक झाली. यंत्राला अंतर कळतं मिलिमीटरमध्ये आणि फिरणं कळतं अंशात. ह्यांनी फिरण्याच्या रकान्यात अंतराचा आकडा तसाच ठेवला. भोपळा सावकाश फिरायला हवा होता, तो असा गरगरला की चौथ्या दिशेबरोबर पाचवी, सहावी, सातवीही त्यानं दाखवली. अर्धा भिंतीवर, पाव कॉम्प्युटरवर, आणि उरलेला आत्याबाईंच्या केसांत. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "भाजी चिरायला बरं हाय. पन जरा बारीक चिरतंय." त्या दिवसापासून त्या खोलीत येताना पदर डोक्यावरून घट्ट घेतात.

आकडा सुधारला, आणि मग मुसळाची दुसरीच अडचण निघाली. मुसळ उंच, यंत्र बुटकं. दात पोचायचा तो मुसळाच्या निम्म्यापर्यंत, आणि उरलेलं निम्मं मुसळ थेट भिंतीत जायचं. वेल निम्म्यापर्यंतच चढवायचं ठरलं. ह्यांनी खिडकीचा एक गज काढला आणि मुसळाचं शेपूट बाहेर सोडलं. बाहेर ओट्यावर त्याला टेकायला एक बेचकं रोवलं, त्यात एरंडेल घातलं. आत दात कोरतो, आणि बाहेर ओट्यावर लोखंडी कडं घातलेलं मुसळाचं टोक संथपणे फिरत राहतं. तांड्यातल्या बाया पाणी घेऊन जाताना थांबायच्या. कोणी म्हणे पीठ पडतं का, कोणी म्हणे तेल निघतं का. शेळी तर दिवसभर त्याच्यासमोर बसून राही. नवऱ्यानं माझ्याकडे इतकं टक लावून कधी पाहिलेलं मला आठवत नाही, जितकं ती शेळी मुसळाकडे पाही.

पहिलं मुसळ झालं, आणि काय सांगू दादा, फार सुंदर झालं. वेल बुंध्यापासून निघून गोल गोल फिरत वर गेली, आणि पान पानाला बरोबर भिडलं. दिपानं त्यावरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरले. माझेही भरले, पण मी भुशाचं निमित्त सांगितलं.

नेमके तेव्हाच मामा दारात. वेल संपली होती, दात वर उचलला गेला होता, आणि मुसळ उलटं फिरायला लागलं. भराभर, एकामागून एक, जितके फेरे झाले होते तितके सगळे उलटे.

यात यंत्राचा दोष नाही. ते बिचारं एकेका अंशाचा हिशेब ठेवतं. काम संपलं की जिथून निघालो त्या शून्यावर परत जायचं, एवढं त्याला सांगितलेलं. एक पूर्ण फेरा झाला की माणूस पुन्हा त्याच जागी येतो, हे त्याला कळत नाही. त्याला वाटतं, जेवढं गुंडाळलं तेवढं सगळं उलगडलं तरच घर येतं. हे मी मामांना सांगितलं. मामांचा चेहरा मात्र उतरला होता.

"लग्नाच्या मुसळाचे फेरे उलटे सुटून राहिले," ते म्हणाले, "आन् तुमी बघत बसला?"

त्यांचा राग मला चालतो, दादा. पण त्या दिवशी ते रागावले नव्हते, घाबरले होते. एवढा मोठा नाईक, सगळ्या तांड्याची भांडणं मिटवणारा, आणि लेकीच्या मुसळासमोर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. आत्याबाईंनी मात्र तिथल्या तिथे उत्तर दिलं. "काहून अपशकुन? माझ्या लगनातलं मुसळ असं उलटं फिरलं असतं तर वर्षाकाठी एकदा तरी मला माहेर दिसलं असतं. लेकीला परतीची वाट ठिवतंय ते. ठिवू द्या की."  पण संध्याकाळी मामांचा निरोप गेला, की गुरुवारी पुसेगावचा भंगारवाला येणार आणि यंत्र नेणार. मुसळं जुनीच वापरायची.

आता बुधवारी व्याही येणार होते, लग्नाचं पक्कं बोलायला. त्यांच्या तांड्याचे नाईक वसराम, शिवाय मुलाचे वडील, आणि आणखी चार वडीलधारी माणसं. एक मुसळ तयार, दुसरं यंत्रावर चढवलेलं, आणि गुरुवारी भंगारवाला. ह्यांना वाटलं, यंत्र जायचं तर जाऊ दे, पण जोडी तरी पुरी होऊ दे. एकटं मुसळ ठेवून काय करायचं? तरी पाहुण्यांसमोर यंत्र लावायचं नाही असं ठरलं होतं, कारण त्या वेळेला आमच्याकडे लाइट नसतेच. पण पाहुण्यांबरोबर नवरामुलगा आला होता, आणि वायरमन मुलगा सासुरवाडीला आला की लाइटसुद्धा लाजत लाजत का होईना येतेच. बरोबर चहाच्या वेळेला खोलीतला बल्ब लागला. आणि ह्यांनी यंत्र सुरू केलं. हे तेव्हा बाहेर पाहुण्यांना सुपारी देत बसले होते. तरी आत यंत्र ह्यांनीच सुरू केलं. (कसं जमलं ते विचारू नकोस. माणूस हुशार आहे.)

बाहेर ओट्यावर बैठक, आणि मामा बसले होते खिडकीला पाठ करून. मुसळाचं टोक त्यांच्या डोक्यामागे, वीतभर अंतरावर. मामांनी त्या दिवशी ठेवणीतला लाल पटका बांधला होता. त्याचा शेव, म्हणजे मोकळं टोक, मागे सुटलेला. तो शेव मुसळाच्या कड्यातल्या खिळ्याला कधी लागला, ते कोणालाच कळलं नाही.

मामा बोलत होते. आमच्या घराण्यात शब्द कसा असतो, एकदा दिला की परत घेत नसतात, हे ते पाहुण्यांना सांगत होते. आणि मागे त्यांचा पटका एकेक वेढा करत डोक्यावरून उतरत होता आणि मुसळावर गुंडाळला जात होता. अगदी संथ. घाई नाही, झटका नाही. पाहुण्यांनी ते पाहिलं, पण बोलणार कोण? त्यांना वाटलं, या तांड्याची काही रीत असेल. लेक देताना बापाचा पटका असा उतरवत असतील. समोरच्या नायकाचं डोकं उघडं होताना मधेच टोकायचं म्हणजे केवढा अपमान! सगळे हात जोडून, माना खाली घालून बसले. हे खोकत होते. हे इतके खोकले की मुलाच्या वडिलांनी ह्यांना पाणी दिलं.

शेवटचा वेढा सुटला आणि पटक्याचं टोक मामांच्या डोक्यावरून घसरलं. नायकाचा पटका भुईला लागतोय हे पाहून वसराम नायकांनी झेप घेतली आणि ते टोक वरच्यावर दोन्ही हातांत धरलं. तेवढ्यात आत वेल संपली. दात वर गेला. आणि मुसळ उलटं फिरायला लागलं.

दादा, तुला ते दृश्य दाखवायला हवं होतं. जेवढा घेतला होता तेवढा सगळा पटका यंत्रानं परत दिला. वसराम नाईक ओढतायत, मुसळ देतंय, लाल पटका त्यांच्या मांडीवर घडीवर घडी पडतोय. शेवटचा शेवसुद्धा खिळ्यावरून आपणहून सुटला.  मग वसराम नाईक उठले आणि आपल्या हातानं त्यांनी मामांच्या डोक्याला तो पटका बांधला, आमच्यापेक्षा नीट. दुसऱ्या तांड्याच्या नायकानं आपल्या हातानं पटका बांधायचा, याहून मोठा आहेर कुठला? मामा उठले, त्यांनी वसराम नायकांना मिठी मारली, आणि खिडकीतल्या मुसळावर हात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्या घरातलं मशीन हाय. घेतलेलं परत देतंय. बराबर हाय का न्हाई?"

पाहुणे म्हणाले, बराबर हाय. जुन्या मुसळांचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. गुरुवारी भंगारवाला आला, चहा पिऊन गेला, आणि जाताना त्याच्या नावाची पाटी घेऊन गेला.

तरी माझं म्हणणं तेच आहे. माझी सायकल गेली, भोपळा गेला, खिडकीचा गज गेला, शेळी दूध द्यायचं सोडून मुसळ बघत बसते. या सगळ्याच्या मुळाशी तुझी मोटर आहे. तेव्हा कृपा कर आणि ह्यांना पुन्हा काहीही पाठवू नकोस, नट नको, बोल्ट नको. यंत्रावरचा लोभ आवर आणि तो बहिणीवर वळव.

तुझी धाकटी,
संगिता

ता. क. : पटका ओढताना मोटरीला जोर पुरला नाही, त्यामुळे दुसऱ्या मुसळावर वेलीची वरची पानं बोटभर सरकली आहेत. दिपा म्हणते, ती बाजू माझ्याकडे करा, मला तीच आवडते. पण वसराम नायकांनी त्यांच्या पुतण्याच्या लग्नासाठी तशीच जोडी मागितली आहे, आणि बाहेरच्या कामात पान सरकून चालणार नाही. तेव्हा याहून दणकट मोटर मिळाली तर बघ. वर 'पाठवू नकोस' लिहिलंय ते बारक्या मोटरीबद्दल होतं.

ता. क. दुसरा : घरातून पत्र बाहेर जाताना मामांना वाचून दाखवायचं अशी आमच्याकडे रीत आहे. इथपर्यंतचं वाचून झालं, मामा दोनदा हसले, आता हे पुढचं फक्त तुझ्यासाठी. यंत्राचा सांगाडा, चेन, चाकं हे ह्यांचं काम, आणि ते काम खरंच चोख आहे. पण वर जिथे जिथे 'ह्यांनी' यंत्र सुरू केलं, वेल काढली, आकडा चुकवला असं लिहिलंय, तिथे 'मी' वाच. हे दिवसभर सेनगावला असतात, लाइट दिवसाच येते, मग यंत्र चालवणार कोण, शेळी? संगणक वर्गात बसलेली बाई तांड्यात मी एकटीच. भरतकामाचे टाके मोजता मोजता मला ते जमत गेलं. नायकाची सून मशीनवर बसते असं झालं तर मामांना चार लोकांत बोल लागेल, म्हणून आम्ही दोघं गप्प आहोत.

तर दादा, खरं मागणं हे. तू मामांना एक पत्र लिही, की मोटर अशी पाठवता येत नाही, यंत्र चालवणाऱ्यानं भोसरीला येऊन, हातानं फिरवून, पारखून न्यावी लागते. मग आम्ही काहीतरी जुळवू, आणि ह्यांच्यासोबत मीही येईन. तुझ्या कंपनीतलं खरं यंत्र मला लांबून दाखव. आणि याडीला जवळून बघू दे. मला तिची फार आठवण येते रे.

ता. क. तिसरा : वरचं मागणं रद्द. पाकीट चिकटवायला मामांकडे डिंक मागायला गेले, तर त्यांनी विचारलं, "मोठी मोटर आनायला कोन चाललं?"

म्हटलं, "हेच जातील की."

"त्याला काय समजतंय त्यातलं? चालवनारीनं जावं."

 मी विचारलं, "मामा, तुमाला कवा कळलं?"

"पटका जाऊन राहिला व्हता तवा. डोक्याला गार लागलं म्हून मान वळवली, तर खिडकीतून तू दिसली. कॉम्प्युटरसमोर बसून बोटं चालवून राहिली व्हती."

"मंग तवाच काहून न्हाई ओरडलात? पाहुण्यांसमोर डोकं उघडं पडलं तुमचं!"

मामा डिंकाची बाटली शोधत होते, ती त्यांच्या हातातच होती. म्हणाले, "ओरडलो असतो तर तू घाबरून बंद केलं असतं. मंग परत कोनी दिला असता? मला ठाव व्हतं ते उलटं फिरतंय. म्हून बोलत बसलो."

मग म्हणाले, "जा. मायला भेट. सवडीनं ये, पन जागेवर ये, त्या मशीनवानी."

दादा, शनिवारच्या गाडीनं निघते. हे सोबत आहेत, पिशव्या धरायला. याडीला आजच सांग, आणि तू स्टँडवर ये. तुझ्याकडे ठेवलेला तो तिसरा नमस्कारही काढू नकोस, मी येऊन स्वतः करते.